चपला आत घे

शारजा, रोल्ला
शुक्रवार, १३ सप्टेंबर २००२

शुभ्रा,

मायना काय घालावा यात सकाळ गेली. 'चिरंजीव' लिहायला घेतलं आणि हात थांबला. तू जगलीस यात माझा काही वाटा नाही. तेव्हा नुसतं नाव.

हे सातवं पत्र. तुझी आई पत्रं फाडणाऱ्यांतली नव्हे, न उघडता बिस्किटांच्या डब्यात टाकणाऱ्यांतली. डबा कधीतरी भरेल, झाकण लागेनासं होईल, आणि त्या निमित्ताने तुम्ही मायलेकी एखादं उघडाल, या आशेवर लिहितो. आधीच्या सहांत सगळ्या कविताच होत्या, त्यामुळे ती नाही उघडलीत तरी चालेल.

आज शुक्रवार. नमाज संपून माणसं जेवायला गेली आहेत आणि एसीचं पाणी खालच्या पत्र्यावर टपटपतंय. आपल्या शुक्रवारच्या दुपारी आठवतात का? मसालेभात झाला की तुझी आई पडदे ओढायची, शेजारची खैरुन्निसा तिचं शिवण मांडीवर घेऊन यायची, तू दियाला घेऊन बस बदलत बदलत यायचीस, आणि मी हान साहेबांची टेप लावायचो.

कोरियन कंपनीच्या स्टोअरमध्ये अठरा वर्षं काढली, पण त्या माणसाइतकं मला कुणी ओळखलं नाही. अठ्ठ्याण्णव साली कंपनीनं गाशा गुंडाळला तेव्हा त्यांनी अकरा कॅसेटींचं खोकं माझ्या हातात दिलं. त्यांचा पुतण्या तिकडे उसन्या कॅमेऱ्यावर सिनेमे काढायचा. त्यात हिरो नाही, गाणं नाही. नोकरी गेलेला बस ड्रायव्हर, मासे विकणारी बाई, पाण्याच्या नळावरून डोकी फोडणारे भाडेकरू. खाली इंग्रजी अक्षरंही नाहीत. "विष्णू, तुला समजेल," म्हणाले. समजायचंच. माझी कोरियन पाइपांच्या मापांची आणि शिव्यांची. त्या सिनेमांतली माणसं तेवढंच बोलायची.

मी टीव्हीशेजारी स्टुलावर बसून प्रत्येकाचं बोलणं मराठीतून सांगायचो, खैरुन्निसासाठी अधूनमधून हिंदीतून. आमच्या कुलकर्णी मास्तरांनी कविता शिकवायची ती अशीच, एकेका पात्राचा आवाज काढून. तुझी आई म्हणायची, "ती बाई दोन शब्द बोलली, तुमचं दोन मिनिटं चाललंय." खैरुन्निसा म्हणायची, "भाईसाब, ये कोरियावाले तो अपने मोहल्ले के निकले. बस चावल जरा चिपचिपा है."

त्या मंगळवारी दाराची कडी अडकली नसती तर खैरुन्निसा वेळेत आत आली असती. जुनी इमारत, कड्या गंजतात. पण ते राहू दे.

तुझी एक चप्पल इथे राहिली आहे. निळ्या पट्ट्याची, डाव्या पायाची. दुसरी तुझ्याकडे असेल तर कळव.

बाबा


शारजा
शुक्रवार, ४ ऑक्टोबर २००२

शुभ्रा,

तुझ्या नाशिकच्या वकीलबाईंचं पत्र मिळालं. आत तुझी एक ओळ नाही, पण पाकिटावरचा पत्ता तुझ्या हातचा आहे. शारजाचा 'श' तू अजून पहिलीतल्यासारखाच काढतेस, पोट फुगवून. पाकीट उशीखाली ठेवलं आहे.

वकीलबाई विचारतात, ८ मे २००१ला मी काय पाहिलं ते शपथेवर लिहून देईन का. सूर्यकांतरावांनी कोर्टात दियाचा ताबा मागितला आहे. बायको बाथरूममध्ये पडली, मग घर सोडून मुलीला घेऊन पळाली, असं त्यांचं म्हणणं. पुरावा म्हणून हॉस्पिटलच्या फॉर्मची प्रत जोडली आहे, आणि त्या फॉर्मवर 'पाय घसरून पडली' याखाली माझी सही आहे. म्हणजे दिया कुणाकडे राहणार ते आता माझ्या एका कागदावर आलं.

सही का केली ते तुला माहीत आहे. माझा व्हिसा त्यांच्या कंपनीचा. रास अल खोरच्या गोदामात म्हाताऱ्याला खुर्ची मिळाली ती जावयामुळे. बावीस वर्षं इथे काढलेल्या माणसाला परत जायची भीती वाटते. हे कारण झालं. पुरेसं नाही, ते मलाही कळतं.

त्याआधीच्या शुक्रवारचं मात्र तुला माहीत नाही. ते आज लिहितो.

४ मे. बाहेर बेचाळीस डिग्री आणि तू पूर्ण बाह्यांचा, गळाबंद ड्रेस घालून आलीस. पाणी पिताना बाही सरकली. मनगटाच्या वर इस्त्रीच्या टोकाचा डाग होता, त्रिकोणी, कडेला पिवळा. तुझ्या आईनं पाहिला. मी पाहिला. मी म्हणालो, चला, टेप लावू.

ती मासेवाल्या बाईच्या मुलीची टेप होती. नवरा नोकरी गेलेला ड्रायव्हर. पहिल्या अर्ध्या तासात तो तिच्या पाठीवर उकळत्या रश्श्याचं पातेलं उपडं करतो. मग केस धरून ओल्या फरशीवरून ओढत नेतो, आणि कॅमेरा हलत नाही, तिथेच उभा राहून बघत बसतो. खैरुन्निसाची सुई थांबली होती. तू दियाचे डोळे झाकले नव्हतेस. मला नवल वाटलं. नंतर उमगलं, तिला त्यात नवीन काही नव्हतं.

मग ती मुलगी आईच्या दुकानामागच्या खोलीशी येते. दारात रबरी चपला काढते. म्हातारी हातात सुरी घेऊन मासा साफ करत असते. ती मान वर न करता चार शब्द बोलते.

ते चार शब्द ऐकताना तू टीव्हीकडे बघत नव्हतीस, माझ्याकडे बघत होतीस. घरी येऊन तासभर झाला होता आणि तुला जे विचारायचं होतं ते तू विचारलं नव्हतंस. आता टेपच विचारत होती, आणि उत्तर माझ्या तोंडून यायचं होतं.

आमच्या पुस्तकातल्या कवितांमध्ये मुली माहेरी यायच्या, झोपाळ्यावर बसायच्या, आणि शेवटच्या कडव्यात डोळे पुसून परत जायच्या. राहिली कुणीच नाही. मास्तर ते कडवं म्हणताना रडत, आम्ही चाळीस मुलं रडत असू, आणि पाठ म्हणून दाखवलं की दहापैकी दहा. मी त्या सिनेमाला ते कडवं जोडलं. म्हणालो, "आई म्हणते, बाळा, चपला घाल. अंधार पडायच्या आत आपल्या घरी जा. संसार आहे, निवळेल." आवाज अगदी मास्तरांचा काढला. माझ्याच डोळ्यांत पाणी आलं.

दिया म्हणाली, "आजोबा, बट शी टुक द शूज इनसाइड."

खरंच, म्हातारी उठून चपला उचलून आत नेत होती. मी म्हणालो, "पुसायला नेल्या गं."

तू उठलीस. पिशवीत तुझा आणि दियाचा पासपोर्ट होता, हे मला तुझ्या आईनं नंतर सांगितलं. दारात वाकून तू चपला घातल्यास आणि अंधार पडायच्या आत गेलीस.

चार दिवसांनी मंगळवार.

वकीलबाईंना उत्तर अजून लिहिलेलं नाही.

बाबा


शारजा
सोमवार, ११ नोव्हेंबर २००२

शुभ्रा,

अक्षर वाकडं आहे, डाव्या हातानं लिहितोय. घाबरू नकोस.

शुक्रवारी खैरुन्निसाचा प्लेअर मागून आणला होता. मासेवालीची ती टेप मोडली नव्हती, फक्त वरचं कवच तडकलं होतं. चार स्क्रू काढून रीळ दुसऱ्या डब्यात बसवलं. स्टोअरकीपरला एवढं जमतं. एकटाच बघत होतो. रमजान सुरू झालाय, जिन्यात भज्यांचा वास, उपास सुटायला अर्धा तास. बेल वाजली.

सूर्यकांतराव मीना बाजारातून मिठाई घेऊन आले होते. पाया पडले. गणपतीत आरतीला म्हणतात त्या आवाजात बोलले, "बाबा, एकटे राहताय, बरं नाही वाटत." मग ब्रीफकेसमधून टाइप केलेला कागद काढला. तू पहिल्यापासून मनाने अस्थिर, स्वतःला इजा करून घ्यायचीस, असं मी लिहून देतो आहे.

"सिंपल मॅटर आहे बाबा. सही करा, खलास. तुमचा व्हिसा मार्चमध्ये रिन्यूअलला येतोय ना? मी पर्सनली बघतो, इन्शाल्ला."

मी पेन शोधायला लागलो. हे लिहायला लाज वाटते, पण शोधायला लागलो होतो.

तेवढ्यात त्यांचं लक्ष टीव्हीकडे गेलं. ड्रायव्हर केस धरून ओढत होता. "हे अजून चालूच का तुमचं?" हसले. "काय रद्दी ॲक्टिंग आहे." पण बघत राहिले. मुलगी आईच्या दारात आली. म्हातारी सुरी घेऊन बसलेली.

"काय म्हणतेय थेरडी?"

शुभ्रा, त्या चार शब्दांचा खरा अर्थ मी आजवर एकाही माणसाला सांगितला नव्हता. पहिल्यांदा सांगितला तो त्याला.

मी म्हणालो, "म्हणतेय, चपला आत घे. तो आला तर त्याला दारात दिसायला नकोत."

त्यानं वळून दाराकडे पाहिलं. त्यालाही आठवलं असणार. त्या मंगळवारी दारात उभा राहून त्यानं आधी खालीच पाहिलं होतं.

"हे मला ऐकवताय का बाबा?"

"तुम्ही विचारलंत."

"सही करा."

"नाही करत."

त्यानं माझा चष्मा काढला, घडी घालून टेबलावर ठेवला आणि कानशिलात मारली. पडलो. उठलो. दुसरी बसली ती ओठावर. मला वाटलं होतं तो मारताना ओरडत असेल. तो ओरडत नाही. फाइल लावल्यासारखं मारतो, एकेक. तू सात वर्षं हे एकटीनं सोसत होतीस.

मी दाराकडे गेलो आणि कडी काढली. दार हातभर उघडलं तेवढ्यात त्यानं ते माझ्या उजव्या हातावर आपटलं. दोन बोटं. तो आवाज माझ्या ओळखीचा होता, तुझा जबडा मोडला तेव्हा तसाच आला होता. त्यानं दार परत ओढलं, पुन्हा आपटलं. पण मी पाय मधे घातला होता, ते बंद होईना. आणि मी ओरडलो. पाठांतर सोडून आयुष्यात मोठ्या आवाजात काही बोललो नव्हतो. काय ओरडलो आठवत नाही. खैरुन्निसा म्हणते कोरियन होतं.

ती आली एका हातात झारा आणि दुसऱ्यात कापडाची कात्री घेऊन. झाऱ्यातून तेल ठिबकत होतं.

"फॅमिली मॅटर है आपा," तो म्हणाला.

"पिछली बार भी यही बोला था, बंद दरवाजे के पीछे से. अब तो दरवाजा खुला है."

त्यानं मला बरगडीत लाथ घातली आणि ब्रीफकेस उचलली. तोवर मजल्यावरची सगळी दारं उघडली होती. एवढ्यात अजान झाली. तो जिना उतरून जाईपर्यंत कुणी खजूर तोंडाला लावला नाही.

हॉस्पिटलात फॉर्म भरणाऱ्या बाईंनी विचारलं, "बाबाजी, बाथरूम में गिरे?" म्हातारी माणसं तिथेच पडतात, त्यांचं काय चुकलं. मी म्हणालो, नाही. मारलं. जावयानं. त्यांनी पेन थांबवून माझ्याकडे पाहिलं आणि मग लिहिलं. किती सोपं होतं ते. एका ओळीत मावलं.

बाबा


शारजा
बुधवार, ४ डिसेंबर २००२

शुभ्रा,

आज अब्रात बसून बर दुबईला गेलो होतो. खाडीचं पाणी, डिझेलचा वास, देवळापुढच्या गल्लीत झेंडूचे हार. तुझी आई, कुंदा, इथे आली त्या पहिल्या संध्याकाळी आम्ही याच होडीतून देवळात गेलो होतो. ती घाबरून माझी बाही धरून बसली होती आणि मी कविता म्हणत होतो. किनारा आला तरी माझी कविता संपली नव्हती. तिला सांग, आठवण काढली. नको, राहू दे, सांगू नकोस.

टायपिंगच्या दुकानात तनया नावाची मराठी मुलगी होती, इथेच वाढलेली. मराठी टाइप करताना ती जेरीस आली. शेवटच्या भागाला थांबली. "अंकल, हे दाराचं ठेवायचंच का? इट गोज अगेन्स्ट यू." मी म्हटलं, ठेव. तिनं सगळं टाइप केलं आणि पैसे देताना माझ्याकडे बघितलं नाही. तिथून वकिलातीत जाऊन शिक्का मारून घेतला. मूळ प्रत वकीलबाईंना कुरियर केली. ही तुझ्यासाठी. कोर्टात वाचली जाण्याआधी तू वाचावीस.

"मंगळवार, ८ मे २००१ रोजी दुपारी तीन वाजता माझी मुलगी शुभ्रा तिच्या मुलीसह माझ्या घरी आली. तिचा पुढचा दात तुटला होता व ओठ फाटला होता. माझ्या पत्नीने दोघींना आतल्या खोलीत नेले. दोघींच्या चपला दाराबाहेर राहिल्या. मी त्या पाहिल्या. आत घेतल्या नाहीत. तासाभराने समजूत काढून तिला परत पाठवावे, असे माझ्या मनात होते.

पाच वाजता सूर्यकांत आला. मुलगी इथे नाही, असे मी म्हणालो. त्याने खाली चपलांकडे पाहिले व म्हणाला, 'बाबा, खोटं तरी नीट बोला.' तो मला बाजूला सारून आत गेला.

त्याने मुलीला केसांना धरून बाहेरच्या खोलीत आणले. तिचे डोके भिंतीवर तीन वेळा आपटले. व्हिडिओ प्लेअर तारांसकट उचलून तिच्या जबड्यावर डाव्या बाजूने दोन वेळा मारला. डाव्या कानाने तिला आता ऐकू येत नाही. पत्नीने त्याच्या हाताचा चावा घेतला, तेव्हा त्याने तिचे मनगट पिरगाळून मोडले. माझी नात स्टुलाखाली बसून हे पाहत होती. तिने आवाज केला नाही.

शेजारीण बाहेरून दार ठोठावत होती. दाराची कडी अडकली आहे, असे मी त्या वेळी व नंतर सर्वांना सांगितले. कडी अडकली नव्हती. सूर्यकांत आत जाताच ती मी लावली. आवाज जिन्यात जाऊ नये म्हणून. मी दारापाशीच उभा होतो व माझा हात कडीवर होता. मारहाण अंदाजे चार मिनिटे चालली. मी कडी काढली नाही.

हॉस्पिटलमध्ये मी मुलगी पाय घसरून पडल्याचे सांगितले व सही केली. ते खोटे होते."

एवढंच आहे. यात कुठे मी कविता घातलेली नाही.

इथे माझं आता काही उरलेलं नाही. व्हिसा रद्द झाला, महिन्याची मुदत दिली आहे. गोदामातली खुर्ची परवा दुसऱ्याला दिली. अकरा टेपा खैरुन्निसाला देतोय. मी म्हटलं, तुला भाषा कुठे येते? म्हणाली, "आप नहीं होंगे तो अब ठीक से समझ में आएगा." तिचं हसणं ऐकून मलाही हसू आलं, बरगडी दुखेपर्यंत. मासेवालीची टेप तेवढी माझ्या बॅगेत आहे.

सहा जानेवारीला कोर्टात उभा राहीन. तुझ्याकडे बघणार नाही, विचारतील तेवढं सांगेन. सूर्यकांतचा वकील मला खोटारडा ठरवेल. एकदा खोटी सही केलेला माणूस, त्याचं कोण ऐकणार, असं म्हणेल. त्याला उत्तर म्हणून ही दोन बोटं आहेत, वाकडीच जुळली आहेत. ती दाखवेन.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळच्या गाडीनं साताऱ्याला भावाकडे जायचं आहे. मधे एक सकाळ रिकामी आहे. तुमच्या दाराशी यावंसं वाटतं. तुझी निळी चप्पल द्यायला, असं म्हणेन, पण त्या एका चपलेचा तुला काय उपयोग.

बेल वाजवणार नाही. दाराबाहेर माझ्या चपला काढीन, शेजारी तुझी ती एक ठेवीन, आणि जिन्यात पायरीवर बसेन. दुपारी बारापर्यंत. चपला आत घ्यायच्या की तशाच राहू द्यायच्या, ते दियाला ठरवू दे. तिला पहिल्याच वेळी बरोबर दिसलं होतं.

बाबा